वळूचा वांटा आणि गाईची ऐपत

गाय व्याली म्हणजे गांवांत दोन प्रश्न हटकून विचारले जातात. कालवड झाली कीं गोऱ्हा, हा पहिला. आणि धारेला दूध किती, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, कारण शेतकऱ्याचा संसार त्यांच्या उत्तरावर बराचसा अवलंबून असतो. परंतु आणखी दोन प्रश्न असे आहेत कीं, ते बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि विचारले तरी त्यांचें उत्तर कोणापाशीं नसतें. गाईनें वासरूं किती दिवस पोटांत वागविलें, आणि तें जन्मलें तेव्हां त्याचें वजन किती भरलें? वासरूं जगेल कीं नाहीं, गाय सुखरूप सुटेल कीं अडेल, तिची वार वेळेवर पडेल कीं नाहीं, ती पुन्हां माजावर केव्हां येईल, ह्या सर्व गोष्टींशीं ह्या दोन आंकड्यांचा निकट संबंध आहे. हे आंकडे कशानें ठरतात व त्यांत माणसाच्या हातीं किती आहे, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आणि त्या विचारांतून जें कर्तव्य निष्पन्न होतें तें आपल्या संघापुढें स्पष्ट शब्दांत ठेवणार आहों.

आपल्या वाडवडिलांना ह्या हिशेबाची गरज पडली नाहीं, असें कोणी म्हणेल, तर त्यांत तथ्य आहे. गांवचा वळू गांवच्याच गाईंच्या पोटचा असे. त्याची उंची, त्याचें हाड, त्याच्या वासरांचें मान, हीं सर्व त्याच रानावर व त्याच पावसांत पिढ्यान्‌पिढ्या घडलेलीं असत. ज्या वळूचीं वासरें बेताबाहेर थोर होत त्याच्या पायीं गाई अडत, कांहीं मरत, आणि तो वंश आपोआप मागें पडे. वळू व गाय ह्यांचा मेळ घालण्याचें काम निसर्गच करीत होता. आतां वळू डोळ्यांना दिसतही नाहीं. भारतांत कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपत्कुमारन् यांनीं केला. महाराष्ट्रांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें बाएफ ही संस्था स्थापिली, आणि तिच्या प्रयत्नांनीं परदेशी वळूंचें गोठविलेलें वीर्य खेड्यापाड्यांतील गोठ्यांपर्यंत जाऊन पोंचलें. त्यायोगें दूध वाढलें हें निर्विवाद आहे, व शेतकरी वर्ग त्याबद्दल ऋणी आहे. परंतु जो मेळ पूर्वीं निसर्ग घालीत होता तो घालण्याची जबाबदारी त्याच दिवशीं आपल्या शिरावर आली, हें मात्र आपण पुरतें ओळखलेलें नाहीं.

पनवेल तालुक्यापुरतें बोलावयाचें तर ही जबाबदारी अधिकच नाजूक आहे. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, आणि नवीन पनवेलसारखीं नगरें जेथें उभीं राहिलीं तेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं. जीं खाचरें उरलीं आहेत त्यांच्या बांधाशीं इमारती येऊन भिडल्या आहेत. गुरांना चरावयास रान थोडें, आणि दुधाला गिऱ्हाईक मात्र दाराशीं. अशा स्थितींत शेतकऱ्यानें एकेका जनावरापासून अधिक दुधाची अपेक्षा धरावी हें स्वाभाविकच आहे. आपली कोंकणची मूळ गाय लहान चणीची व काटक. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०१८ सालीं ‘कोंकण कपिला’ ह्या नांवानें तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. अशा लहान गाईच्या, किंवा तिच्या संकरित लेकीच्या पोटीं थोर जातीचें वासरूं वाढवावयाचें असेल, तर गाय भरविण्यापूर्वींच हिशेब केला पाहिजे. गाय अडल्यावर केलेला हिशेब कामास येत नाहीं.

प्रथम दिवसांचा विचार करूं. गाय नऊ महिने नऊ दिवस आणि म्हैस दहा महिने दहा दिवस, असा आपला जुना ठोकताळा आहे. इंग्रजी महिने धरिले तर गाईचा हिशेब सुमारें २८२ दिवसांचा आणि म्हशीचा ३१४ दिवसांचा होतो. होल्स्टीन व जर्सी ह्या जातींचा गर्भकाळ २८० दिवसांच्या आसपास असतो. आपल्या वशिंडाच्या गाई बहुधा २८५ ते २९० दिवस घेतात. ब्राउन स्विस ही परदेशी जातही जवळजवळ तितकेच दिवस घेते. मुऱ्हा म्हैस ३१० दिवसांच्या मागेंपुढें विते. म्हणजे ठोकताळा ढोबळ मानानें खरा आहे, परंतु जातीजातींत आठ-दहा दिवसांचा फरक पडतो तो त्यांत दिसत नाहीं. शिवाय गोऱ्हा कालवडीपेक्षां साधारण एक दिवस अधिक पोटांत राहतो. पहिलारू गाय एक-दोन दिवस आधीं विते. आणि जुळीं असलीं तर तीं पांच-सहा दिवस आधींच बाहेर येतात.

हा दिवस ठरवितो कोण? सर्वसाधारण समज असा कीं, गाईचें शरीर ठरवितें. परंतु न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें लिगिन्स नांवाच्या डॉक्टरांनीं १९६० च्या दशकांत मेंढ्यांवर जे प्रयोग केले त्यांवरून निराळेंच सिद्ध झालें. गर्भांतील कोंकराच्या मेंदूच्या तळाशीं जी लहानशी ग्रंथि असते ती निकामी केली तर दिवस भरूनही मेंढी वीत नाहीं. आणि त्याच ग्रंथीच्या साखळींतील रस कोंकराला बाहेरून दिला तर ती वेळेपूर्वींच विते. गाईंतही हाच क्रम चालतो. कळा गाईला येतात, पण त्यांची आज्ञा वासराकडून सुटते. आणि वासरांत अर्धा वांटा वळूचा असल्यामुळें गर्भकाळावर वळूच्या वंशाचा ठसा स्पष्ट उमटतो. न्यूझीलंडमधील दुग्धव्यवसायी तर गर्भकाळ कमी करणारे वळू मुद्दाम निवडून वापरतात, कारण तेथें सर्व कळप गवताच्या हंगामाला धरून व्यावा लागतो. सारांश, वळू निवडतांना आपण गर्भकाळही निवडीत असतों, मग तें आपल्याला ठाऊक असो वा नसो. आणि ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. थोर जातींत अखेरच्या दिवसांत गर्भ दररोज सुमारें अर्धा किलो वाढतो. आठवडाभर उशिरा जन्मणारें वासरूं तीन-साडेतीन किलो अधिक घेऊन येतें. आणि अरुंद वाटेंत तीन किलोचा फरक जीवन-मरणाचा ठरूं शकतो.

आतां वजनाकडे वळूं. जन्मवजनांत जो फरक जनावराजनावरांत दिसतो त्याचा अदमासें तिसरा हिस्सा वासराच्या स्वतःच्या आनुवंशाचा असतो, असें बहुतेक अभ्यासांचें सार आहे. ह्यांत आई व बाप दोघांचा वांटा सारखा. परंतु आईचें देणें तेथें संपत नाहीं. बाप केवळ आपला अर्धा वांटा देऊन मोकळा होतो. आई आपला अर्धा वांटा देते आणि शिवाय घरही देते. त्या घराचा प्रभाव किती प्रबळ असतो हें केंब्रिजचे वॉल्टन व हॅमंड यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगानें दाखविलें. शायर म्हणजे प्रचंड देहाची ओझ्याची घोडी, आणि शेटलंड म्हणजे अगदीं ठेंगणें तट्टू. त्यांनीं शायर घोडीला शेटलंड घोड्याचें आणि शेटलंड घोडीला शायर घोड्याचें रेतन कृत्रिम रीतीनें केलें. दोन्ही शिंगरांत रक्त सारखेंच, अर्धें शायर व अर्धें शेटलंड. तरीही थोर घोडीचें शिंगरूं थोर निपजलें व ठेंगणीचें ठेंगणें. प्रत्येक शिंगरूं जन्मतांना आपल्या आईच्या जातीच्या मानास येऊन राहिलें. आईनें आपल्या ऐपतीबाहेर गर्भ वाढूं दिला नाहीं.

गाईंतील उदाहरण तर आपल्याच देशाशीं नातें सांगणारें आहे. अमेरिकेंत ब्राह्मन नांवाची जी वशिंडाची जात आहे ती गीर, कांकरेज, ओंगोल व आपल्या दक्षिणेकडील कृष्णाकांठची कृष्णाव्हॅली ह्या भारतीय जातींच्या रक्तापासून तिकडे घडविली गेली. ह्या ब्राह्मन गाईला युरोपी जातीचा वळू दिला तर वासरूं लहान येतें व गाय सहज सुटते. उलट युरोपी गाईला ब्राह्मन वळू दिला तर वासरूं बेताबाहेर थोर येतें, त्यांतही गोऱ्हा असला तर विशेषच. रक्ताचें प्रमाण दोन्ही ठिकाणीं तेंच. फरक इतकाच कीं, एके ठिकाणीं वशिंड आईकडे आहे व दुसरीकडे बापाकडे. नेब्रास्कांतील क्ले सेंटर येथील सरकारी संशोधन केंद्रांत १९७० च्या दशकांत ब्राह्मनबरोबर आपल्या साहिवाल वळूंचेंही वीर्य युरोपी गाईंना दिलें गेलें, तेव्हां त्या गाईंचा गर्भकाळ नेहमींपेक्षां सुमारें आठवडाभर लांबला.

ह्या उदाहरणाचा आपल्या गोठ्याशीं प्रत्यक्ष संबंध आहे. परदेशी रक्ताचा अतिरेक झाला, आतां देशी रक्ताकडे वळावें, असा विचार अलीकडे पुष्कळ शेतकरी करूं लागले आहेत, व जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाईला गीर अथवा साहिवाल वळूचें वीर्य भरवितात. हेतु चांगला आहे आणि त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु गीर वासरूं मुळांत हलकें, तेव्हां गाय सुखानें सुटेल, असें जें गृहीत धरलें जातें तें बिनधोक नाहीं. शुद्ध गीर वासरूं हलकें असतें तें गीर आईनें आवरलेलें असतें. परक्या आईच्या पोटीं तो आवर तसाच राहील असें नाहीं. म्हणून असा संकर प्रथम दोन-तीन वेतें झालेल्या, ऐसपैस कमरेच्या गाईवरच करावा. पहिलारू कालवडीवर करूं नये, आणि विण्याच्या तारखेचा हिशेब आठ दिवस पुढें धरून ठेवावा, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

त्याचप्रमाणें लहान देशी गाय परदेशी वळूचें वासरूं आपोआप आवरून धरील, म्हणून वाटेल तो वळू चालेल, असाही अर्थ कोणी काढूं नये. आईचा आवर हा अडसर आहे, तट नव्हे. साधारणपणें वासराचें जन्मवजन गाईच्या वजनाच्या शेंकडा सात टक्क्यांच्या मानानें असतें. अडीचशे किलोच्या गाईला सतरा-अठरा किलोचें वासरूं, चारशे किलोच्या गाईला अठ्ठावीस किलोचें, असा हा मेळ आहे. शुद्ध होल्स्टीन वासरूं चाळीस किलोंच्या घरांत जातें, जर्सी पंचवीस किलोंच्या घरांत राहतें. तेव्हां लहान गाईला परदेशी रक्त द्यावयाचेंच तर जर्सी द्यावें. डोंगराळ व अतिपावसाच्या मुलखास जर्सी बरी, असें जें तज्ज्ञ सांगत आले त्यांत हेंही एक इंगित आहे. पहिलारू कालवड तर स्वतःच वाढींत असते. तिचें वासरूं दोन-तीन किलोंनीं हलकें असूनही अडण्याचें प्रमाण तिच्यांतच सर्वांत अधिक, कारण कमरेचीं हाडें पुरतीं फांकलेलीं नसतात. कालवड आपल्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या शेंकडा साठ-पासष्ट इतकी भरल्याखेरीज ती माजावर आली तरी भरवूं नये. लिंगनिश्चित केलेल्या वीर्यकांड्या आतां उपलब्ध झाल्या आहेत. कालवडीला शक्य तर तीच द्यावी, कारण तिच्यापासून बहुतेक मादीच होते व मादी वासरूं नरापेक्षां किलो-दोन किलोंनीं हलकें असतें.

येथवर आनुवंशाची बाजू झाली. परंतु जन्मवजनांतील मोठा हिस्सा आनुवंशाचा नसून परिस्थितीचा असतो, आणि ह्या बाबतींत आपल्या कोंकणच्या ऋतुमानाचा विचार केल्याशिवाय कांहींच समजत नाहीं. वासराच्या जन्मवजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश वजन गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांत चढतें. पावसाळ्याचें गवत खाऊन अंग धरलेली गाय भाद्रपद-आश्विनांत माजावर येऊन भरली, तर ती ज्येष्ठ-आषाढांत विते. म्हणजे तिचे शेवटचे तीन महिने चैत्र, वैशाख व ज्येष्ठ हे पडतात. रानांत हिरवें पान नाहीं, पाण्याची टंचाई, हवेंत उकाडा व दमटपणा, आणि दावणीला केवळ भाताचा पेंढा. ज्या तिमाहींत गर्भाला सर्वांत अधिक पोषण हवें, तीच तिमाही आपल्याकडे सर्वांत हलाखीची. भाताच्या पेंढ्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारांहून अधिक नसतात, स्फुरद अत्यल्प, आणि त्यांतील ऑक्झलेटमुळें आहे तो चुनाही जनावराच्या अंगीं नीट लागत नाहीं. अशा चाऱ्यावर गाय आपलें अंग झिजवून गर्भ पोशिते. आणि मग तिचें दुबळें वासरूं नेमकें मृगाच्या चिखलांत जन्मतें, तेव्हां त्याला ओल व गारठा सोसत नाहीं.

उष्णतेचा परिणाम निराळाच आहे, व तो पुरेसा खुराक देणाऱ्याच्या गोठ्यांतही होतो. ऊन तापूं लागलें म्हणजे गाय आपल्या अंगांतील रक्त कातडीकडे वळविते, व गर्भाशयाकडे जाणारा प्रवाह मंदावतो. वारही लहान राहते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांत आपल्यासारखाच उष्ण व दमट. तेथें १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शेवटच्या तिमाहींत सावलींत ठेवलेल्या गाईंचीं वासरें उन्हांतील गाईंच्या वासरांपेक्षां सुमारें तीन किलोंनीं जड भरलीं. नंतरच्या प्रयोगांत असेंही दिसून आलें कीं, उकाड्यांत राहिलेल्या गाई तीन-चार दिवस आधीं वितात व त्यांचें पुढील वेताचें दूधही घटतें. ह्याच्या उलट नेब्रास्कांत १९९० च्या दशकांतील कडक थंडीच्या वर्षीं त्याच कळपांत जड वासरें जन्मलीं व अडणाऱ्या गाई वाढल्या. जात तीच, चारा तोच. केवळ हवेनें फरक पाडला. पत्र्याच्या तापलेल्या छपराखालीं चैत्र-वैशाख काढणाऱ्या गाभण गाईला ह्या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. तो तिच्या मालकानें समजून घेतला पाहिजे. छपरावर पेंढ्याचा थर, दुपारीं आंब्याची वा वडाची सावली, आणि दिवसभर पुढ्यांत पाणी, ह्या उपायांना पैसा फारसा लागत नाहीं.

येथें एका घातक समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. गाभण गाईला शेवटीं खाऊं घातलें तर वासरूं थोर होतें व गाय अडते, सबब अखेरच्या महिन्यांत हात आंखडावा, असें कांहीं जाणते म्हणविणारेही सांगतात. ह्यांत अर्धें सत्य आहे, आणि म्हणूनच तें घातक आहे. उपासमारीनें वासराचें वजन थोडेंसें घटतें, हें खरें. परंतु त्यानें अडण्याचें प्रमाण कमी होत नाहीं, असेंच वारंवार आढळलें आहे. कारण उघड आहे. अशक्त गाईला कळा देण्याची ताकद राहत नाहीं. पहिलारू कालवड उपाशी राहिली तर तिच्या कमरेची वाढच खुंटते. शिवाय तिचा चीक पातळ व थोडा येतो, आणि ती पुन्हां माजावर येण्यास महिनेच्या महिने लागतात. एक वेत लांबलें म्हणजे जें नुकसान होतें तें वाचविलेल्या पेंडीच्या किंमतीच्या कितीतरी पट असतें. गाय चरबीनें फुगूं देऊं नये, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु आपल्या भागांत लठ्ठ गाईंचा प्रश्न किती गोठ्यांत आहे, ह्याचा ज्यानें त्यानें प्रामाणिकपणें विचार करावा. वजनाला लगाम घालावयाचा तो वळूच्या निवडीनें घालावा, गाईच्या दावणीवर घालूं नये.

म्हणून शेवटचे दोन महिने गाय आटवून तिला विश्रांति द्यावी, आणि शेवटच्या तिमाहींत नेहमींच्या चाऱ्यावर रोज एक-दीड किलो खुराक व थोडें खनिज मिश्रण अवश्य द्यावें. पेंढ्याचा कस वाढविण्याची सोपी रीतही आहे. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यांत पुरता विरघळवून थराथरांनीं शिंपडावा, ढीग घट्ट दाबून वारा लागणार नाहीं असा झांकावा, आणि तीन आठवड्यांनीं उघडून, थोडा वेळ हवा लागूं देऊन, हळूहळू संवय करीत खाऊं घालावा. युरियाचें पाणी जनावराच्या तोंडाशीं जाऊं देऊं नये, एवढी काळजी मात्र कसोशीनें घेतली पाहिजे.

आतां मुख्य सूचनेकडे येतों. वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, एका वासराच्या वजनावरून वळूची परीक्षा होऊं शकत नाहीं. तें वासरूं जड झालें तें वळूमुळें, कीं गाय थोर होती म्हणून, कीं गोऱ्हा होता म्हणून, कीं उन्हाळा सौम्य गेला म्हणून, हें एकट्या शेतकऱ्याला कधींच सांगतां येणार नाहीं. परंतु एकाच वळूचीं पन्नास वासरें निरनिराळ्या गांवांत, निरनिराळ्या गोठ्यांत जन्मलीं, आणि त्या सर्वांचीं वजनें व दिवस एका वहींत आले, म्हणजे गाई, ऋतु व खुराक ह्यांचे फरक बरेचसे एकमेकांस छेद देतात व वळूचा वांटा उघडा पडतो. जें ज्ञान दोन गाईंच्या मालकाला स्वतंत्रपणें कधींही मिळणार नाहीं, तें दोनशें सभासदांना मिळून पांच-सहा वर्षांत मिळूं शकतें. सहकाराचें ह्याहून उत्तम उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

सबब आमची संघास सूचना अशी आहे. सभासदांच्या प्रत्येक जनावराची एक नोंद असावी, व तींत सहाच रकाने असावेत : कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, रेतनाची तारीख, वीर्यकांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, विण्याची तारीख, वासराचें लिंग व वजन, आणि गाय सहज सुटली, हात लावावा लागला, कीं डॉक्टर आणावा लागला, ह्याचा एक शब्द. कांडी वापरून झाल्यावर फेंकून न देतां तिचा क्रमांक त्याच वेळीं लिहून घ्यावा. दोन महिन्यांनीं तो कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. वजनासाठीं तागाची झोळी आणि टांगता कांटा प्रत्येक गांवीं एक पुरे. तोही नसेल तर धान्याच्या कांट्यावर आधीं वासरूं उचलून उभें राहावें व मग एकट्यानें. वजाबाकी सर्वांना येते. वजन जन्मानंतर पहिल्या दिवशींच घ्यावें. मात्र आधीं चीक पाजावा आणि मग कांट्याकडे वळावें. त्या वजनाचा तात्काळ उपयोगही आहे. पहिल्या दिवसांत वासराला आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटांत गेला पाहिजे, त्यांतला निम्मा पहिल्या कांहीं तासांतच. वजनच ठाऊक नसेल तर हा हिशेब होणार कसा?

गाय तोलण्याचा कांटा गांवांत नसतो, परंतु टेप असतो. छातीचा घेर, तोही वशिंडामागून व पुढच्या पायांमागून, इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेरानें गुणून पुन्हां लांबीनें गुणावें व ६६० नीं भागावें, म्हणजे अदमासें किलो येतात. छप्पन्न इंच घेर व अठ्ठेचाळीस इंच लांबी असलेली कालवड ह्या रीतीनें सुमारें २२८ किलो भरते. कालवड भरविण्याजोगी झाली कीं नाहीं, हें डोळ्यांच्या अंदाजापेक्षां ह्या गुणाकारानें अधिक खात्रीनें कळतें.

ह्यावर दोन आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. पहिला असा कीं, हें काम सरकारचें व विद्यापीठांचें आहे. त्यांचें कार्य आम्ही कमी लेखीत नाहीं. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनीला सोसणाऱ्या भाताच्या जाती काढून दिल्या, त्या ह्याच तालुक्याच्या खाजणांत तपासून काढिल्या. तोच न्याय येथें लावावा. परगांवच्या मोठ्या गोठ्यांतील आंकडे आपल्या पेंढ्यावरच्या, आपल्या उकाड्यांतल्या गाईंना जसेच्या तसे लागूं पडत नाहींत. ते आंकडे येथल्याच दावणीवर गोळा झाले पाहिजेत, आणि तेथें रोज उभा असतो तो शेतकरीच. शिवाय आपल्या हातीं वही असेल तर वीर्य पुरविणाऱ्यांपाशीं आपण अधिकारानें बोलूं शकूं; अमुक क्रमांकाच्या वळूमुळें कालवडी अडतात, तो आम्हांस नको, असें पुराव्यानिशीं सांगतां येईल. दुसरा आक्षेप असा कीं, वजन थोर असलें तरच वासराला किंमत येते. बाजारांत वर्षाच्या वासराला किंमत येते, जन्मलेल्या दिवसाला नव्हे. आणि वर्षाचें होण्यासाठीं तें आधीं जिवंत बाहेर यावें लागतें व त्याची आईही जिवंत राहावी लागते. अति हलकें वासरूं पावसाच्या गारठ्यांत टिकत नाहीं, अति जड वासरूं वाटेंतच गुदमरतें. आपल्या गाईच्या मानानें मध्यम वजनाचें वासरूं हेंच खरें उत्तम वासरूं होय.

म्हशी पाळणाऱ्या सभासदांनींही ह्या विचारांतून स्वतःला वगळूं नये. मुऱ्हा म्हशीचें रेडकूं तीस किलोंच्या मागेंपुढें भरतें, आणि तिचा गर्भकाळ गाईपेक्षां महिनाभर लांब असल्यामुळें तारखेची चूक तिच्या बाबतींत अधिक महागांत पडते. म्हैस तर सहसा पावसाळ्याच्या अखेरीस व थंडीच्या दिवसांत भरते आणि पावसाळ्यांत व पुढें विते; तेव्हां तिच्याही गर्भवाढीचे दिवस बहुतांशीं उन्हाळ्यांतच सांपडतात, आणि उष्णता तर तिला गाईहून कमी सोसते.

शेवटीं, संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढें हा विषय ठेवावा, कांटे व वह्या ह्यांची तरतूद करावी, आणि येत्या भाद्रपदांत ज्या गाई भरविल्या जातील त्यांपासूनच नोंदीस आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. वळू कोठलाही असो, त्याचा वांटा कांडींतून येतो व एका क्षणांत संपतो. गाय मात्र आपला वांटा नऊ महिने आपल्या अंगानें भरीत असते. तिची ऐपत किती, हें विचारल्याशिवाय तिच्यावर ओझें लादणें हें चांगल्या शेतकऱ्यास शोभणारें नाहीं, आणि हिशेबी शेतकऱ्यास परवडणारेंही नाहीं.